छोट्या लेथवर टूलची उंची सेंटरला कशी लावायची – नवीन शिकणाऱ्यांसाठी

छोटा लेथ घेऊन घरी शिकायला सुरुवात केलेल्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. टूल नवीन आहे, स्पीडही ठीक आहे, तरी फिनिश खडबडीत येतंय, फेसिंग केलं (जॉबचं, म्हणजे कापायच्या तुकड्याचं, तोंड सपाट कापलं) की मधोमध दाणा उरतोय, पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल अडकतंय. मग मशीनच हलकं असेल, मोटर कमी पडत असेल, इन्सर्ट (टूलला लावायचे बदलते कापणारे तुकडे) बेकार असतील असं वाटायला लागतं आणि माणूस नवीन इन्सर्ट मागवतो, स्पीड बदलत बसतो. या सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघायची, टूलचं टोक सेंटरच्या उंचीला आहे का नाही.

मी शिकत होतो तेव्हा जो तो वेगळी पद्धत सांगायचा, कुणी म्हणायचं टेलस्टॉकच्या (चकसमोर दुसऱ्या टोकाला असतो तो आधार) सेंटरला लाव, कुणी म्हणायचं पट्टी धरून बघ, कुणी म्हणायचं अंदाजाने लाव काही होत नाही, आणि कुठली पद्धत कधी वापरायची, तिच्यावर कितपत विसंबायचं हे कुणीच नीट सांगायचं नाही. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय. माझं ठाम मत आधीच सांगतो: पद्धती कितीही असू द्या, खरा निकाल फेसिंग देतं. तो निकाल एकदा नीट मिळवायचा आणि त्यावरून आपल्या मशीनचं गेज (उंची ताडून बघायचं माप) बनवून ठेवायचं, मग रोज शोधाशोध नाही.

आधी थोडं कारण समजून घ्या

सेंटरची उंची म्हणजे स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) अक्षाची उंची. चकमधला (जॉब पकडणाऱ्या जबड्यांमधला) जॉब ज्या काल्पनिक रेषेभोवती फिरतो त्या रेषेच्या बरोबर उंचीला टूलचं कापणारं टोक पाहिजे.

टोक वर गेलं की टूलच्या पुढच्या बाजूचा क्लिअरन्स (धारेखाली जॉबपासून सुटलेली मोकळीक) कमी होतो. म्हणजे धारेच्या आधी धारेखालचा भाग जॉबला टेकतो. मग टूल कापत नाही, नुसतं घासतं, जॉब गरम होतो, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तुम्ही जोर लावला की एकदम जास्तच खातं. टोक खाली गेलं तर उलट, क्लिअरन्स वाढतो पण रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) कमी होतो, धार बोथट असल्यासारखी वागते, माल कापण्यापेक्षा ढकलला जातो, आणि जॉब बारीक किंवा लांब असेल तर तो टूलच्या डोक्यावर चढायला बघतो.

आता हे किती गंभीर आहे ते व्यासावर ठरतं आणि इथेच छोट्या मशीनवाल्यांचं नुकसान होतं. टूल ०.५ मिमी वर असेल आणि जॉब ५० मिमी व्यासाचा असेल तर अँगल जेमतेम १.१५ डिग्रीने बदलतो, काही कळणारही नाही. तेच ०.५ मिमी १० मिमीच्या जॉबवर सुमारे ५.७ डिग्री होतात. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला पुढून क्लिअरन्स देतात तोच मुळात ६ ते १० डिग्रीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळा गेला. आणि छोट्या लेथवर आपण बहुतेक वेळ बारीकच जॉब करतो. मोठ्या मशीनवर काम केलेला माणूस 'अर्ध्या मिलीने काय होतंय' म्हणाला तर तो त्याच्या मशीनपुरता बरोबर असतो, तुमच्या मशीनवर ते लागू होत नाही.

अजून एक, डायल खोटं बोलायला लागतो. समजा टूल ०.५ मिमी खाली आहे आणि तुम्ही २० मिमीवर माप घेऊन डायल शून्य केला, मग क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारा भाग) बरोबर ५ मिमी आत घेतली, तर १० मिमी यायला पाहिजे तिथे १०.०२५ येईल. बेअरिंग बसवायचं असेल तर हा अडीच शतांश मिलीचा फरक चांगलाच नडतो आणि कारण लवकर सापडत नाही.

काय काय लागेल

- ६ इंची स्टीलची पट्टी, पातळ आणि सरळ, कडा न खाल्लेली
- व्हर्नियर, डिजिटल असला तर बरं
- फीलर गेजचा (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा) संच, मोजायला पण आणि अडीअडचणीला शिम (टूलखाली घालायची पातळ पट्टी) म्हणून पण
- शिमसाठी पितळी किंवा स्टीलची पत्री, ०.१, ०.२, ०.५, १ मिमी अशा दोन-चार जाड्या
- १५ ते २० मिमीचा ॲल्युमिनियम किंवा पितळेचा गोल तुकडा, टेस्टसाठी
- परमनंट मार्कर, काळा किंवा निळा
- बारीक कानस, ऑइलस्टोन, फडकं, ब्रश
- टूलपोस्टची (टूल धरणाऱ्या ठोकळ्याची) आणि चकची चावी, आणि डोळ्याला गॉगल

हाइट गेज किंवा डायल इंडिकेटर असेल तर छान, नसेल तर अडत नाही.

१. मशीन बंद करा, बूड साफ करा

प्लग काढा. फक्त स्विच बंद करून टूलपाशी बोटं घालू नका, टूलचं टोक ब्लेडसारखं असतं आणि छोट्या मशीनचं बटण चुकून दाबलं जातं. चावी चकमधून बाहेर.

मग टूलपोस्ट सोडवून खालची जागा, टूलपोस्टची सीट, टूलचा शँक (धरायचा दांडा), सगळं पुसून घ्या. एक बारीक चिप (कापलेल्या धातूचा कण) शिमखाली अडकली तर टूल एका बाजूने उचलला जातो आणि तुम्ही लावलेली उंची स्क्रू आवळल्यावर बदलते. शँकवर बर (धातूची उठलेली बारीक कड) असेल तर ऑइलस्टोनने काढा, नवीन टूललाही असतो. टूलपोस्टच्या सीटवर जुन्या टूलचे खड्डे पडले असतील तर त्यांच्या वर आलेल्या कडा तेवढ्या घासून घ्या.

२. टूल ढोबळ बसवा, जास्त बाहेर काढू नका

टूल जेवढा जाड तेवढा किंवा फार तर दीडपट बाहेर, त्याहून जास्त नको. १० मिमीचा शँक असेल तर १०-१५ मिमी. जास्त बाहेर काढलं की कट घेताना टोक खाली वाकतं, मग थांबलेल्या मशीनवर तुम्ही कितीही बारकाईने उंची लावा, कट चालू असताना ती तिथे नसते.

साधा चौकोनी टूलपोस्ट असेल तर आधी एक माप काढून ठेवा, सीटपासून सेंटरपर्यंतचं अंतर. हे एकदा कळलं की पॅकिंगचा (टूलखाली घालायच्या शिमांचा) हिशोब सोपा. समजा ते १३ मिमी आलं. इन्सर्टवाल्या बाहेरच्या टर्निंग टूलमधे टोकाची उंची सहसा शँकच्या उंचीएवढीच ठेवलेली असते, म्हणजे १२ मिमीच्या शँकला १ मिमी पॅकिंग, १० मिमीला ३ मिमी. एचएसएसमधे असं नसतं, वरून किती घासलंय त्यावर टोक खाली गेलेलं असतं, त्यामुळे तिथे प्रत्येक टूलचं टोक मोजायचं. आणि हे अंतर १३ असताना कुणी १६ मिमीचं टूल गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ते पॅकिंगशिवायच ३ मिमी वर बसेल आणि शँक खालून घासून काढण्याशिवाय मार्ग राहणार नाही.

३. टेलस्टॉकच्या सेंटरवरून सुरुवात करा, तिथेच थांबू नका

टेलस्टॉकमधे डेड सेंटर (न फिरणारं टोकदार सेंटर) लावा, टूलचं टोक त्याच्या टोकाजवळ आणा आणि बाजूने नजर टोकाच्या पातळीत नेऊन बघा. मागे पांढरा कागद धरला तर दोन्ही टोकं स्पष्ट दिसतात. अर्ध्या मिनिटात तुम्ही बरंच जवळ येता.

पण यावर शेवटचा विश्वास ठेवू नका. छोट्या लेथचा टेलस्टॉक स्पिंडलच्या बरोबर उंचीला असेलच असं नाही, नवीन असताना काही मशीनमधे तो मुद्दाम किंचित वर ठेवतात कारण पुढे झिजून खाली येतो, आणि क्विल (टेलस्टॉकची पुढे-मागे सरकणारी नळी) जास्त बाहेर काढली की ती लोंबते पण. तुमचा जॉब हेडस्टॉकमधल्या स्पिंडलवर फिरतो, टेलस्टॉकवर नाही. तुमच्याकडे स्पिंडलच्या टेपरमधे (निमुळत्या भोकात) बसणारं सेंटर असेल तर चक काढून ते लावा आणि त्याच्याशी जुळवा, ते जास्त खरं. पण दर वेळी चक कोण काढणार.

४. पट्टीची पद्धत

ही सगळ्यात जलद, आणि टूल वर आहे का खाली हेही लगेच सांगते. चकमधे गोल जॉब पकडा, शक्यतो १० मिमीच्या आसपास, कारण व्यास जितका लहान तितका पट्टीचा कल जास्त दिसतो. जॉब आणि टूलचं टोक यांच्या मधे पट्टी उभी धरा आणि क्रॉस स्लाइड हळूच पुढे घेऊन पट्टी जेमतेम अडकवा. आता हात सोडा आणि बाजूने बघा.

- पट्टी बरोबर उभी: टूल सेंटरला आहे
- पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलेलं: टूल खाली आहे, वर घ्या
- वरचं टोक जॉबकडे, पलीकडे झुकलेलं: टूल वर आहे, खाली घ्या

१० मिमीच्या जॉबवर ०.१ मिमीची चूक असेल तर पट्टी साधारण एक डिग्री कलते. पट्टी मधोमध पकडली असेल तर वरच्या टोकाला तो दीड मिमीचा फरक दिसतो, मागे काटकोन्या किंवा दाराची चौकट यांसारखी काही उभी कड असली की डोळ्याला नक्की कळतो.

सांभाळायचं काय, तर दाबायचं नाही. नुसती अडकली पाहिजे. एचएसएस थोडं सहन करतं, कार्बाइडचं टोक मात्र पट्टीच्या कडक स्टीलवर दाबलं की चटकन तुकडा उडतो, आणि तो इतका बारीक असतो की दिसत नाही, नंतर फिनिश बिघडल्यावर कळतं. कार्बाइडसाठी पट्टीऐवजी पितळेची सरळ पट्टी वापरा. आणि हे करताना मशीन चालू होता कामा नये, पहिल्या पायरीतला प्लग अजून बाहेरच आहे हे बघा.

५. फेसिंगची टेस्ट, हीच खरी

आता प्लग लावा, गॉगल घाला. ॲल्युमिनियमचा तुकडा चकमधे थोडाच बाहेर ठेवून घट्ट पकडा आणि हलका फेसिंग कट घ्या, ०.२ मिमी वगैरे, बाहेरून मधापर्यंत. शेवटचे दोन-तीन मिमी अगदी सावकाश. मधे काय होतंय ते बघा, सगळी माहिती तिथे आहे.

टूल खाली असेल तर टोक सेंटरच्या खालून निघून जातं आणि मधे एक छोटा, स्वच्छ कापलेला गोल दाणा उभा राहतो. हा दाणा म्हणजे तुमचं मोजमापच आहे: त्याचा व्यास व्हर्नियरने मोजा, त्याचा निम्मा म्हणजे टूल जेवढं खाली आहे तेवढं. दाणा ०.८ मिमीचा आला तर टूल ०.४ मिमी वर घ्यायचं, ०.४ ची शिम टाकली की झालं. अंदाज नाही, चार वेळा वर-खाली नाही. नवीन शिकणाऱ्याला मी यातली एकच गोष्ट लक्षात ठेव म्हणून सांगायची असेल तर ही सांगेन.

टूल वर असेल तर दाणा असा स्वच्छ येत नाही. मधाकडे जाताना व्यास लहान होत जातो, क्लिअरन्स संपतो आणि धारेखालचा भाग दाण्याला घासायला, ढकलायला लागतो. तिथे चकचकीत, दाबल्यासारखा, निमुळता दाणा दिसतो किंवा तो शेवटी तुटून पडतो आणि खरवडलेला डाग राहतो. कधी जॉब चकमधून हलल्यासारखा पण वाटतो. इथे व्यासाचा निम्मा हा हिशोब लावू नका, घासण्यामुळे दाणा खऱ्या चुकीपेक्षा मोठा उरतो. आधी मुद्दाम थोडं खाली घ्या, दाणा स्वच्छ येऊ द्या, मग मोजून वर या. हे जास्त खात्रीचं आहे.

बरोबर उंचीला टूल आलं की दाणा बारीक होत होत शेवटी नाहीसा होतो आणि मधापर्यंत एकसारखी रिंगा-रिंगांची फेस मिळते. ॲल्युमिनियमवर बोट फिरवलं तरी मधे काही लागत नाही, अर्थात मशीन थांबवून.

६. कट न घेता तपासायचं असेल तर मार्करच्या रेघा

ही फारशी कुणी सांगत नाही पण मला आवडते, कारण मशीन बंद ठेवूनच करता येते आणि उत्तर डोळ्यासमोर मोठं करून मिळतं. फेस केलेल्या तुकड्याच्या तोंडाला मार्कर फासा, वाळू द्या. चकचा १ नंबरचा जबडा बरोबर वर आणा. टूलचं टोक फेसला नुसतं टेकवा, शाई खरवडेल एवढंच, आणि क्रॉस स्लाइड फिरवून एका कडेपासून सेंटरच्या पलीकडे जाईपर्यंत आडवी रेघ ओढा. टूल मागे घ्या, आता २ नंबरचा जबडा वर आणा, दुसरी रेघ. मग ३ नंबरची तिसरी.

टूल सेंटरला असेल तर तिन्ही रेघा एकाच बिंदूतून जातात. नसेल तर मधे एक छोटासा त्रिकोण तयार होतो, आणि त्या त्रिकोणात बसणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे चुकीच्या दुप्पट. वर की खाली ते कळायला शेवटची रेघ बघा, चक न हलवता: ती आडवी आहे आणि त्रिकोण तिच्या वर असेल तर टूल खाली आहे, त्रिकोण तिच्या खाली असेल तर टूल वर. भिंग असेल तर ०.१ मिमीचा त्रिकोण पण ओळखता येतो. रेघ ओढताना चक हलू देऊ नका, हाताने धरून ठेवा. आणि टोक दाबू नका, शाई निघाली की पुरे.

७. पॅकिंग नीट घाला

साध्या टूलपोस्टवर इथेच सगळं बिघडतं. नियम थोडे आहेत पण पाळायचे.

शिम शँकच्या पूर्ण लांबीची, आणि रुंदी शँकएवढी. पुढे एक तुकडा आणि मागे हवा असं केलं तर टूल झोका घेतं. शिमचं पुढचं टोक टूलपोस्टच्या कडेपर्यंत यायलाच पाहिजे, आत राहिलं तर टूलचा आधार तिथे संपतो आणि बाहेर निघालेला भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लांब होतो. जाड शिम खाली एक आणि वर बारीक एक-दोन, एवढंच. सात-आठ पातळ शिम एकावर एक ठेवल्या की त्या दाबल्या जातात आणि स्प्रिंगसारख्या वागतात. कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक अजिबात नको, कट घेताना दबतं. हातकरवतीच्या ब्लेडचा तुकडा साधारण ०.६ मिमीचा असतो आणि कडक असतो, दात घासून काढले तर चांगली शिम होते, पण आधी मोजा. कापलेल्या प्रत्येक पत्रीच्या कडेचा बर काढा, नाहीतर ०.३ ची शिम ०.४ ची होऊन बसते.

स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे आवळा. पूर्ण आवळल्यावर परत तपासा. ढिल्या स्क्रूवर लावलेली उंची आणि घट्ट आवळल्यावरची उंची यात फरक पडतो, आणि टूलपोस्टचं मधलं हँडल आवळल्यावर अजून थोडा. तपासणी नेहमी सगळं घट्ट असतानाच.

बरोबर पॅकिंग मिळालं की ते टूलसोबतच ठेवा, रबरबँडने बांधा किंवा थोडंसं चिकटवा, वर मार्करने जाडी लिहा. हा एवढा कंटाळा केला नाही तर पुढच्या वेळी हे टूल लावायला एक मिनिट लागतं.

८. क्विक चेंज टूलपोस्ट असेल तर

इथे शिमची भानगड नाही, होल्डरवरच्या गोल नटने उंची लागते आणि त्यावर लॉकनट असतो. क्रम असा: होल्डर टूलपोस्टवर बसवा, टूल होल्डरमधे घट्ट करा, नट फिरवून उंची आणा, टूलपोस्टचं हँडल आवळा, तपासा, मग लॉकनट आवळा आणि होल्डर काढून परत लावून एकदा बघा. लॉकनट आवळताना खालचा नट सोबत फिरतो, एका हाताने धरून ठेवा. पुष्कळ जण लॉकनट आवळायचाच विसरतात आणि कटच्या थरथरीने उंची हळूहळू सरकते, मग 'सकाळी तर बरोबर होतं' असं होतं.

शक्य असेल तर प्रत्येक टूलला स्वतःचा होल्डर ठेवा. एकाच होल्डरमधे टूल बदलत राहिलात तर क्विक चेंजचा अर्धा फायदा गेला. आणि होल्डर सगळ्यात खाली आणूनही टोक सेंटरच्या वरच राहत असेल तर टूलपोस्ट तुमच्या मशीनला मोठा आहे किंवा शँक जाड आहे, तिथे बारीक शँकचं टूल घेणं हाच सोपा उपाय.

९. आता गेज बनवा

इथे थोडा वेळ द्या, बाकी सगळ्याची मेहनत हेच वाचवतं. पाचव्या पायरीत दाणा पूर्ण गेला म्हणजे या क्षणी तुमच्या टूलचं टोक स्पिंडलच्या खऱ्या सेंटरला आहे, टेलस्टॉकच्या नाही, नजरेच्या अंदाजाच्या नाही. ते टूल हलवायच्या आधी ती उंची कुठेतरी पकडून ठेवायची.

आधी गेज कशावर उभं करायचं ते ठरवा. मशीन केलेली सपाट जागा पाहिजे, आणि कायम तीच वापरायची. छोट्या लेथवर बेडला (मशीनच्या खालच्या रुळांना) बहुतेक वेळा व्ही असतो, त्यामुळे क्रॉस स्लाइडचा सपाट माथा सोयीचा पडतो. कंपाउंडवर (क्रॉस स्लाइडवरची फिरवता येणारी छोटी स्लाइड) नको, ती फिरवतो, काढतो.

गेज साधंच: २० ते २५ मिमीचा गोल रॉड, दोन्ही तोंडं फेस केलेली, खालच्या तोंडाला मधे थोडं खोलगट कापून घ्या म्हणजे ते फक्त कडेवर उभं राहील आणि डुगडुगणार नाही. वरच्या बाजूला मधे भोक पाडून एम ६ किंवा एम ८ चा टॅप मारा (आटे पाडा), त्यात बोल्ट आणि लॉकनट. बोल्टचं डोकं लेथवरच फेस करून सपाट करा. असं केलं की उंची ॲडजस्ट होते आणि रॉड अर्धा मिमी आखूड कापला गेला तरी काही बिघडत नाही. गेज कापायला तेच टूल वापरत असाल तर त्याची सेटिंग हलवू नका, आणि शेवटी जुळवायच्या आधी परत एक फेसिंग कट घेऊन दाणा येत नाही ना ते बघा.

आता जुळवणी. गेज टूलच्या शेजारी उभं करा, बोल्टचं डोकं टूलच्या टोकाला जवळजवळ चिकटवून. बोल्ट वर-खाली करत दोन्ही एका पातळीत आणा आणि नख डोक्यावरून टोकाकडे आणि टोकाकडून डोक्याकडे सरकवा. पायरी असेल तर एका दिशेने जाताना नख अडतं आणि दुसऱ्या दिशेने घसरतं. दोन्हीकडून सारखंच जायला लागलं की जुळलं. डोळ्याने जे दिसत नाही ते नखाला जाणवतं. नख टोकाच्या अगदी धारेवरून नेऊ नका, कापेल. लॉकनट आवळा, परत नख फिरवा, कारण आवळताना बोल्ट हलतो.

ज्यांच्याकडे हाइट गेज आहे त्यांना दुसरा रस्ता पण आहे: चकमधे आखूड रॉड पकडून एक हलका टर्निंग कट घ्यायचा म्हणजे तो स्पिंडलशी खरा होतो, व्यास मोजायचा, क्रॉस स्लाइडपासून रॉडच्या माथ्यापर्यंत उंची मोजायची आणि त्यातून व्यासाचा निम्मा वजा करायचा. उंची ५८.६० आणि व्यास २०.०० असेल तर सेंटर ४८.६० ला. कट न घेता नुसता पकडलेला रॉड मोजू नका, तीन जबड्यांच्या चकमधे तो थोडा तरी बाजूला असतोच. दोन्ही पद्धतींनी उत्तर सारखं आलं तर गेजवर डोळे झाकून विश्वास ठेवा.

१०. प्रत्येक टूलला सारखाच नियम नाही

बाहेरच्या टर्निंग आणि फेसिंगला बरोबर सेंटर. मोठ्या व्यासावर ०.१ मिमी इकडे-तिकडे चालतं, पण मधापर्यंत फेस करायचं असेल तर ०.०५ च्या आत आणा.

पार्टिंग टूल सेंटरला आणि फार फार तर ०.१ मिमीचा फरक. कट जसजसा आत जातो तसतसा व्यास लहान होतो आणि मगाशी सांगितलेला अँगलचा हिशोब वाढत जातो, त्यामुळे बाहेर गुपचूप चालणारं टूल मधाजवळ गेल्यावर अडकतं. पार्टिंग टूलच्या पात्याची वरची कड तिरकी बसली असेल तर नुसती उंची लावून उपयोग नाही, पातं सरळ आणि जॉबला काटकोनात आहे का तेही बघा.

बोरिंग बार (भोक आतून कापायचं टूल) मात्र थोडा वर, ०.०५ ते ०.१ मिमी, बार बारीक आणि लांब असेल तर विशेषतः. भोकाच्या आत सगळं उलटं असतं, टोक वर गेलं की क्लिअरन्स वाढतो आणि खाली गेलं की बारचं पोट भोकाला घासतं. शिवाय कट घेताना बार खालीच वाकतो. तो सेंटरच्या वरून खाली आला तर कट किंचित कमी होतो, सेंटरवरून आणखी खाली गेला तर जास्त खातो. म्हणून थोडा वर.

थ्रेडिंग (आटे कापणं) आणि टेपरला (निमुळतं कापायला) अचूक सेंटर, इथे हयगय नको. टूल वर किंवा खाली असेल तर टेपरची कड सरळ न येता किंचित खोलगट येते आणि फिट करून बघितलं तर फक्त दोन टोकांना टेकतं, मधे पोकळ. लोक मग कंपाउंडचा अँगल बदलत बसतात, जो मुळात बरोबरच असतो. थ्रेडचा आकारही असाच बिघडतो.

इथे हमखास फसायला होतं

एचएसएस टूल वरून घासून धार लावली की टोक खाली गेलं, गेजवर परत बघायचं, दर वेळी. नुसतं पुढून घासलं तरी रेक दिलेल्या टूलमधे टोक थोडं सरकतंच.

इन्सर्ट फिरवला किंवा बदलला तर उंची सहसा तीच राहते, पण सीटवर चिप अडकली असेल तर नाही. काढला की फुंकर नको, ब्रश मारा, फुंकर मारली की चिप डोळ्यात.

उंची बरोबर आहे, फेसिंगला दाणा नाही, तरी जड कटमधे चॅटर (थरथरीचा आवाज आणि खुणा) येतो, तर कंपाउंड आणि क्रॉस स्लाइडच्या गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) ढिल्या आहेत का बघा. टूलपोस्ट हाताने धरून जोरात खाली दाबा, डायल इंडिकेटर टोकाजवळ लावला असेल तर काटा किती हलतो ते दिसेल, इंडिकेटर नसेल तर बोटाने स्लाइडच्या सांध्यावर हालचाल जाणवते. ती हालचाल गेल्याशिवाय शिमशी खेळू नका.

लांब बारीक जॉबवर टेस्ट घेऊ नका, जॉबच वाकेल आणि तुम्ही उंचीला दोष द्याल. टेस्टचा तुकडा चकबाहेर १५-२० मिमीच ठेवा.

आणि गेज डब्यात टाकताना इतर हत्यारांवर आपटू देऊ नका, पडलं तर पहिल्यांदा दाण्याच्या टेस्टवर पडताळा. हेडस्टॉक कधी खोलला, बेअरिंग बदलले, क्रॉस स्लाइड घासून घेतली किंवा नवीन लावली, की पाचवी पायरी परत करा आणि बोल्ट नव्याने जुळवा.